हातापासून डोक्यापर्यंत मुका

आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत बाप्या माणसानं शनिवार आणि सण सोडून रोज सकाळी तेफिलीन बांधायचं असतं. चामड्याच्या दोन काळ्या डब्या, आत तोरा या धर्मग्रंथातले उतारे, डब्यांना लांब काळे पट्टे. एक डबी डाव्या दंडावर, दुसरी डोक्यावर. एवढं सोपं काम मी चाळिशी उलटेपर्यंत बिनचूक चुकवत आलो होतो.

पकडलं ते पेणच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानकाकांनी. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, "हे काय, गंध लावलंयस? डबी वर घे. केस सुरू होतात तिथं."

"काका, केस आहेत कुठं?"

"होते तिथं!"

मग दंडावरची डबी आतल्या अंगाला, काळजाकडे झुकलेली. तिच्याखाली बाही नको, पट्ट्याखाली घड्याळ नको. कोपराखाली सात वेढे. आणि शेवटी बोट उगारून, "हाताचं बांधल्यापासून डोक्याचं बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मध्ये बोलला त्याला पूर्वी लढाईवरून घरी पाठवत. असल्या पाप्यामुळे बाकीचे मरायचे."

मला लढाईवर कोण नेतंय? कंपनीत जाताना धाटावच्या बसमध्ये जागा मिळाली तरी मी विजयी वीर. पण मी मुळात भित्रा. त्या मधल्या वेळात आजवर मी बायकोला गॅस बारीक करायला सांगितला होता, शिफ्टवाल्यांच्या फोनला हॅलो म्हटलं होतं. सगळं एकदम आठवलं. ठरवलं, यापुढे मेलो तरी बोलायचं नाही. मरायची पाळी दुसऱ्या कुणावर येईल, हे काही सुचलं नाही.

बायको पेणच्या घरी; कंपनीच्या नोकरीसाठी मी रोह्यात खोली घेऊन एकटा राहतो. तोंड यरुशलेमकडे, म्हणजे पश्चिमेला करायचं, म्हणून मागच्या दारात परसाकडे बघत उभा राहतो. त्या सकाळी हाताचं बांधलं, आशीर्वाद म्हटला, सात वेढे घेतले, आणि डोक्याची डबी उचलणार तोच परसात शेजारच्या मावशी आल्या. चुलीसाठी माडाच्या सुक्या झावळ्या न्यायला त्या नेहमी येतात. अनवाणी. वाकून त्या ढिगातली एक झावळी ओढू लागल्या.

ढिगाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात, घोणस पडली होती. तपकिरी अंगावर साखळीसारखे ठिपके. तिनं डोकं मागं घेतलं आणि कुकरची वाफ सुटावी तसा आवाज केला. झावळ्यांच्या सळसळीत मावशींना तो ऐकूच गेला नाही.

मला गेला. एकीकडे घोणस, दुसरीकडे हजानकाकांचं बोट. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला बोटाचीच भीती जास्त वाटली. मी तोंड गच्च मिटून "ऊं! ऊं!" केलं आणि बांधलेला हात सापाकडे नाचवला.

मावशींनी वर बघितलं. दंडाला आवळलेला पट्टा, मनगटापर्यंत वेढे, डोळे बाहेर आलेले, तोंडातून शब्द नाही. त्यांचा रंगच उडाला.

"काय झाला रे? बोलत का नाय?"

"ऊं!"

"आई गो! चावला व्हय तुला? जीभ जड झाली का रे?" आणि घराकडे वळून सुनेला हाक, "धाव गो, याला पान लागला!"

आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, काही बायका दिवसाही घेत नाहीत. पान म्हणजे साप. आणि मला वाचवायला त्या सरळ माझ्याकडे निघाल्या, ढिगाला वळसा घालून. घोणशीच्या बाजूनं. त्यांचं पाऊल उचललं गेलं तेव्हा मला त्यांची पांढरी, भेगाळलेली टाच स्पष्ट दिसली.

"मावशी, मागं! पायाखाली साप!"

माझा आवाज मलाच परका वाटला. मावशी मागं कोसळल्या, झावळीवर बसल्या. घोणशीनं झडप घातली ती त्यांच्या लुगड्याच्या काठाला चाटून गेली. तेवढ्यात सून घमेलं बडवत आली आणि ते धूड सावकाश कुंपणाच्या दगडी गडग्याच्या फटीत शिरलं.

मी मावशींचे पाय चाचपत राहिलो. कुठं दाताची खूण नाही, रक्त नाही. पुन्हा चाचपले. त्या मात्र माझा हात धरून बसल्या होत्या.

"तुला चावला नाय? मग ह्या बांधलास कशाला?"

"देवाचं आहे, मावशी. हे बांधताना बोलायचं नसतं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मेल्या," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

डोक्याची डबी मी खूप वेळानं चढवली. मध्ये बोलल्यामुळे आमच्या रीतीनं डोक्यासाठी वेगळा आशीर्वाद म्हणावा लागतो. तोही म्हटला.

पेणला जाऊन सांगितलं तर हजानकाका आधी ओरडले, "गाढवा, जिवावर बेतलं तर शनिवारचा शब्बाथसुद्धा मोडतात!" मग पुटपुटले, "हे तुला सांगायचं राहिलं माझ्याकडून." आणि ते उगारायचं बोट त्यांनी मुठीत मिटलं.

मावशी अजून झावळ्या न्यायला येतात. पण आता एकदम आत पाऊल टाकत नाहीत. गडग्यापाशी उभ्या राहून हाक देतात, "आज बोलतोस का मुका हायस?"

मी ओ देतो. उत्तर द्यायला कधी क्षणभर उशीर झाला, तर त्या आल्या पावली परत जातात.