भुजंगमामाचं माप

आष्टीच्या बाजारात माल मोजायचा म्हणजे भुजंगमामाचा आवाज लागायचा. तो मापाडी होता. पहिलं पोतं काट्यावर चढलं की तो "एक" म्हणायचा नाही, "लाभ" म्हणायचा. मग दोन, तीन. पोत्याचा आकडा आणि त्यामागून वजन, सगळं एका दमात. राधेश्यामशेठच्या आडतीवर मुनीम खाली मान घालून बसायचा आणि मामानं पुकारलं ते लिहायचा. तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला, लाल आकड्यांची पाटी खांबावर चढली, तरी तिच्याकडे मामाशिवाय कुणी मान वर करून बघत नसे. शेतकरी नाही, मुनीम नाही, खुद्द शेठही नाही. याच रीतीनं त्याचा घात केला.

मामाला आपल्या कामाची घमेंड होती, ते कशाला लपवू? सकाळी काट्याच्या पत्र्याला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय पहिलं पोतं चढू द्यायचा नाही. "मानूस खोटं बोलतो संघपाल, माप न्हाई बोलत," हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी चिडायचो. मी काटे दुरुस्त करणारा माणूस. मापं किती खोटं बोलतात ते मला विचारा.

यंदा दिवाळीआधी शेठनं काट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. सोयाबीनची आवक सुरू झाली, आणि आडतीवर मोजलेला माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोदामात कमी भरायला लागला. दोन-तीन गाड्या अशा गेल्या, तेव्हा शेठनं भर बाजारात मामाला उभं केलं.

"शेतकऱ्यांशी साटंलोटं करून वजन वाढवून सांगून राह्यला का रे भुजंग? खरं बोल."

मामा गडबडला. आयुष्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "शेठ, मला आकडे येकावर येक दिसून राह्यलेत," तो म्हणाला. "तीन बी दिसतो, आन त्याच्यात आठ बी दिसतो."

लोक हसले. मला आजही त्या हसण्याची चीड येते. मामा बिचारा अगदी बराबर सांगत होता.

त्याच आठवड्यात शेठनं मला बोलावलं. मामाला काढून टाकलंच होतं. "पाटीचं एक घर लई ठळक दिसतं, बाजूचं मंद. बघ जरा," शेठ म्हणाला.

मी खांबावर चढलो, पाटी उघडली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटीत प्रत्येक आकड्याचं एक घर असतं, आणि ही सगळी घरं एकदम कधीच पेटत नाहीत. एक पेटतं, विझतं, मग दुसरं. हे इतकं जल्दी होतं की डोळ्याला सगळी एकदम दिसतात. एक विझल्याशिवाय दुसरं पेटायचं नाही, एवढाच काय तो नियम. इथं किलोच्या घराचा ट्रान्झिस्टर खराब झाला होता. ते घर वेळेवर विझत नव्हतं. शेजारच्या घरात आठ पेटला की त्याची फिकी लाल सावली यातल्या तीनवर पडायची, आणि तिनाचा आठ व्हायचा. उन्हात ती सावली दिसली नसती. शेडच्या अंधारात ती आकड्यासारखी दिसत होती.

दुरुस्त करायच्या आधी मी शेठला खाली उभं केलं आणि त्रेपन्न किलो आठशेचं पोतं चढवलं. "वाचा," म्हणालो.

"अठ्ठावन्न-आठशे," शेठ म्हणाला.

मग मी वजनकाट्याच्या खालच्या, एरवी पोत्यांआड झाकल्या जाणाऱ्या छोट्या पडद्यावरचा खरा आकडा दाखवला. शेठनं दोन्ही आकडे आलटून पालटून बघितले. मला वाटलं, आता मामाला बोलावणं जाईल. मीही काय खुळा.

"हे बघ संघपाल," शेठ हळू आवाजात म्हणाला, "काटा चुकला म्हणलं तर सगळा हंगाम उकरून निघंल. माल घेणारे समदे व्यापारी येऊन भांडतील. मानूस चुकला म्हणलं तर येकच मानूस जातो. तू पाटी नीट कर. बात खतम."

मी पाटी नीट केली, पण गप्प बसलो नाही. चहाच्या हॉटेलात सांगितलं, पारावर सांगितलं. ज्यांच्या पोत्यांना पाच-पाच किलो फुकटात वाढवून मिळाले होते, ते चहात बघत राहिले. बाकीचे म्हणाले, संघपाल मामाची बाजू घेतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाच्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

शेवटी मी मामाच्या घरी गेलो. पाटीतला तो खराब ट्रान्झिस्टर खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवला. "मामा, तुमचे डोळे ठीक आहेत. खराब हा होता."

मामानं तो चिमटीत धरला आणि परत दिला. "येवढ्याशा किड्यानं माप बदलतं व्हय? उगं माझ्यासाठी काट्याला बदनाम करू नको बाबा. दोष माझ्या डोळ्याचाच हाय."

नंदामामीनं जालन्याच्या नेत्रशिबिरात त्याचे डोळे दाखवले. साठीच्या माणसाच्या डोळ्यात थोडाफार मोतीबिंदू सापडायचाच. तो काढला. काळा चष्मा उतरला त्या दिवशी मामा सरळ आडतीवर आला. योगायोग नव्हे, मी मुद्दाम तिथं थांबलो होतो. नवा मापाडी बाजूला सरला. मामानं पत्र्याला हात लावला, कपाळाला लावला, मान वर केली.

"लाभ! त्रेपन्न-आठशे," तो पुकारला. पूर्वीचाच आवाज.

पाटीवर तेच होतं, स्वच्छ, एकसारखं लाल. माझ्याच हाताची दुरुस्ती.

"घ्या," कुणीतरी म्हणालं, "डोळेच हुते."

"म्हणलं नव्हतं का तुला?" मामा माझ्याकडे बघून हसला. मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लागलो, पण शेठनं मामाच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि सगळे तिकडेच बघत होते. "जाऊ दे भुजंग. लबाडी नव्हती, डोळे गेल्ते. मी माफ केलं तुला."

काम मात्र नव्या मापाड्याकडेच राहिलं. मामानं दोन्ही हात जोडले. त्याच्या त्या नव्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेठनं माफ केलं, हे तो अजून भेटेल त्याला सांगतो.