राजाची डावी बाजू

शिरूर कासारच्या आमच्या चर्चमध्ये बाया डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. पत्र्याचा एकच हॉल, मधून वाट. लग्न होऊन आल्यापासून आईची जागा डावीकडे, खिडकीपाशी.

ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी शेजारची एक बाई तापाने फणफणत दारात आली. “मावशी, आमच्या घराला कुलूप लागलंय, दोन रोज पडवीत पडू द्या. मागून जीपनं जाईन.” त्या संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. आई सतरंज्या झटकत होती.

“आज घरी प्रार्थना हाय बाई. उद्या ये.”

उजाडायच्या आत टोळीचा ट्रॅक्टर निघाला. बाईही त्यातच गेली. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, तसल्या झोपडीत, ती वारली. बातमी फोनवर आली.

पुढे एका रविवारी पाळकांनी न्यायाच्या दिवसाचं वचन वाचलं. राजा सिंहासनावर बसतो, मेंढरं उजवीकडे काढतो, शेरडं डावीकडे. आमच्या भागात दोन्ही एकाच कळपात चरतात, म्हणून हे वाचलं की कोणीतरी हसतंच. मग राजा डावीकडच्यांना सांगतो, माझ्यापासून दूर व्हा, मी परका होतो, आजारी होतो, तुम्ही मला घरात घेतलं नाही. ते विचारतात, प्रभू, तुम्ही कधी आला होतात? राजा म्हणतो, या लहानांतल्या एकाला नाकारलंत, ते मलाच नाकारलंत. हे वचन आईने अनेकदा ऐकलेलं होतं. या वेळी ती मधूनच उठून बाहेर गेली.

दुपारी पाळक घरी आले. तरुण, हसऱ्या स्वभावाचे.

“आई, तारण विश्वासानं मिळतं, कर्मानं नाही.”

“त्यात राजानं विश्वासाचं कुणाला इचारलंच न्हाई, पाळकसाहेब.”

त्यांनी थट्टेवर नेलं. “बरं, माझ्या जागेवरून बघा. मी समोर उभा, तोंड तुमच्याकडं. बाया माझ्या उजव्या हाताला येतात. मेंढरंच की तुम्ही!”

आईने ते नीट ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी ती वाट ओलांडून पुरुषांत, पाळकांच्या डाव्या हाताला जाऊन बसली.

“मावशी, बाजू चुकली,” मागून एक जण म्हणाला.

“बसू दे बे,” दुसरा म्हणाला, “एस्टीत राखीव सीट असती, इथं कावून नसावी?”

हशा पिकला. “चुकली न्हाई,” आई म्हणाली आणि पदर सारखा केला. तेव्हापासून ती तिथेच बसू लागली. प्रभुभोजनाचं, भाकर-पेल्याचं ताट समोर आलं की मान हलवून पुढे सरकवायची.

हंगाम संपल्यावर ती त्या बाईच्या नवऱ्याकडे गेली. “तुमी कावून रडता मावशी? तिचं तेवढंच व्हतं,” तो म्हणाला. आई आणखी खचून परतली. त्याला राग नव्हता, आणि असता तरी माफी त्याच्या हातची नव्हती.

आता ती अंथरुणाला खिळली आहे. मागच्या महिन्यात पाळक भाकर आणि पेला घेऊन घरी आले.

“देवानं क्षमा केली आहे, आई.”

“त्यानं केली आसंल. तिला कुणी इचारलं?”

पाळकांनी भाकर फडक्यात गुंडाळली, पेला झाकला आणि उठताना विचारलं, “पुढच्या महिन्यात येऊ ना?”

“या की,” आई भिंतीकडे बघतच म्हणाली. “पर हे घेऊन येऊ नगा.”