काथ्याच्या दोरीवरचं बोट

"मोहरावर चढल्यात काय गं?" बेळगावच्या दवाखान्यात अण्णानं मला विचारलेलं हे शेवटचं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि चढायच्या होत्या त्या आमच्या गुंद गावच्या काजूबागेतल्या तांबड्या मुंग्या. मी म्हणाले, "व्हय, चढल्यात." "मग झालं..." म्हणून त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याला जाऊन दीड महिना होतोय, आणि मी तेव्हा खोटं बोलले हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या जोयडा तालुक्यात या मुंग्यांची चटणी करतात, ताप-खोकल्याला चांगली म्हणून. पण अण्णाच्या बागेतलं घरटं कुणी तोडलेलं त्याला खपायचं नाही. काजू मोहरला की ढेकण्या नावाचा किडा येतो, कोवळ्या शेंड्यांचा रस शोषतो नि सगळा मोहर करपवून टाकतो. या मुंग्या त्याला टिकू देत नाहीत. त्यांना खाली न उतरता बागभर फिरता यावं म्हणून अण्णानं झाडाझाडांमध्ये काथ्याच्या दोऱ्या बांधल्या होत्या. बांगडे आणले की डोकी मुंग्यांना टांगायचा. मी तोंडाची तिखट. म्हणायचे, "भणीला शेपूट आणि मुंग्यांना डोकं! भारीच की रे तुझा न्याय." तो हसायचा. "तू काय ढेकण्या धरतीस?" रोज सकाळी चहाच्या आधी तो दोरीवर बोट ठेवून उभा राहायचा. मुंगी कडकडून चावली की स्वारी खूश. "चावली म्हंजे पोरी कामावर हायत."

तो आजारी पडला तेव्हा बाग बघायला मी रामनगरहून आले. शेजाऱ्यांच्या बागेत औषध फवारायला सुरुवात झाली होती. आमच्या एका झाडाचे तीन-चार शेंडे काळे दिसले आणि माझा धीर सुटला. अण्णा अंथरुणावर, आणि त्याचा मोहर माझ्या हातून जायचा... त्याला न विचारता मी त्याच फवारणीवाल्याला आत बोलावलं. मोहर वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांखाली मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता. मी खराट्यानं झाडून काढल्या, आणि चार दिवसांनी दवाखान्यात जाऊन "चढल्यात" म्हणाले.

तेराव्यानंतर दिग्गीच्या रानात गेले. चावून चावून हात सुजले, पण पोतंभर घरटी आणून झाडाला बांधली. अण्णा सांगायचा, "आणायची तर एकाच झाडावरची. दोन घरच्या एकत्र नांदत न्हाईत." तेव्हा मी, "जावाजावांसारखंच म्हण की," म्हणून हसले होते. आता घाईत दोन झाडांवरची आणली. बघता बघता त्या एकमेकींचे पाय धरून ओढायला लागल्या, तोडायला लागल्या. संध्याकाळी झाडाखाली पुन्हा तोच सडा. मी तिथंच मातीत बसून हमसाहमशी रडले. अण्णा गेला त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. या खेपेला एकाच झाडावरची घरटी आणली, शेजारी बांगड्याचं डोकं टांगलं. पानांत काहीतरी वळवळतं, पण दोरीवर कुणी येत नाही. मी मात्र रोज सकाळी चहाच्या आधी अण्णाच्या त्या दोरीवर बोट ठेवून उभी राहते. चाव की गं बाई, म्हणते, एकदा तरी चाव... अजून कुणी चावलेलं नाही.