कूलरसमोरचा नेम

उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की माझं डोकं फिरतं. आवाजानं नाही, वाऱ्यानं. नवरा म्हणतो, "नागपूरच्या मे महिन्यात कूलरवर चिडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहून राहिलो." पाहू दे. त्याला मी कधी कारण सांगितलं नाही.

अकरावीची परीक्षा आटोपली आणि आम्ही चार मैत्रिणींनी रोबोट बनवायला घेतला. आम्ही सावनेरच्या. शाळांची स्पर्धा होती आणि राज्याची फेरी नागपुरातच होती. खेळ असा की चौकोनी मैदानात फोमचे हलके चेंडू विखुरलेले असायचे, ते रोबोटनं गोळा करून टाकायचे. जमिनीलगतच्या खोक्यात टाकला तर थोडे गुण, उंच टोपलीत टाकला तर भरपूर. समोरच्या संघाचा रोबोट तुम्हाला वाटेल तसा ढकलू शकत होता.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणाली, "आपण ढकलगाडीच बनवू वं. बुटकी आणि जड. चेंडू ढकलले खोक्यात की झालं. कोणी हलवू नाही शकत आपल्याले."

मी म्हटलं, खोक्यात चेंडू ढकलत बसलो तर म्हाताऱ्या होऊ. आपण मैदानाचा एक कोपरा धरायचा. चेंडू गोळा केले की दर वेळी तिथंच यायचं, दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकायचं आणि तिथूनच टोपलीत मारायचं. कोपऱ्यात कोणी धक्का दिला तरी सरकायला जागाच नाही. नेम एकदाच बसवायचा, चेंडू फेकणाऱ्या नळीचे स्क्रू आवळायचे, बस्स. चांगली जुंपली आमची, आणि मी माझंच खरं केलं.

मला जिंकायचंच होतं. पुण्याला जाऊन हेच शिकायचं होतं, आणि बाबा पोरीला एवढ्या दूर धाडायला तयार नव्हते. बाबा कोळशाच्या खाणीत होते. कमी बोलायचे, पण बोलले की ते पाळायचे. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "राज्यात पहिली ये, मी सोता पुण्याले सोडून देतो तुले. नाही आली तर इथंच बी.एस्सी. कर. मग कुरकुर नाही पाहिजे."

सराव आमच्या समोरच्या खोलीत चालायचा. भिंती तव्यासारख्या तापायच्या. घरात कूलर एकच, तो मागच्या खोलीत, कारण बाबांना रात्रपाळी असायची आणि ते दिवसा झोपायचे. नेम बसवायचं काम निघालं त्या दुपारी पाहते तर कूलर आमच्या डाव्या हाताच्या खिडकीत लावलेला. बाबा पाण्याची बादली घेऊन टाकी भरत होते.

"काहून आणला जी बाबा? तुम्ही कसे झोपाल?"

"घामानं तारा ओल्या होऊन राहिल्या तुमच्या. माह्यं काय, मी खाणीतला माणूस." मग त्यांनी मागच्या खोलीच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं, त्यावर चादर टाकली आणि झोपले. पुढं रोजच तसे झोपले.

आमचे चेंडू टोपलीच्या जरा उजवीकडून जात होते. फेकणाऱ्या दोन चाकांपैकी डावं जास्त जोर करत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. नळी किंचित डावीकडे कलवली आणि स्क्रू आवळले. त्यानंतर काय विचारता! एकही चेंडू चुकेना. आम्ही नाचलो. आतून झोपेतला आवाज आला, "जिंकून राहिल्या वाटते पोट्ट्या."

स्पर्धेचा हॉल एसीचा होता. इतका गार की हात पोटाशी धरून बसावं, पण वाऱ्याची झुळूक म्हणून नाही. सरावाच्या मैदानापुढं ही रांग, आमचा नंबर लागलाच नाही. पहिल्या सामन्यात पहिला चेंडू टोपलीच्या डावीकडून गेला. दुसराही तसाच. मग सगळेच. आम्ही घाईघाईनं डावं चाक बदललं. दुसऱ्या सामन्यात पुन्हा डावीकडे, तेही इतके नेमके एका जागी की लोक हसायला लागले. तिसऱ्याच्या आधी मैत्रिणीनं वैतागून नळीच सरळ केली आणि सगळे चेंडू टोपलीत पडले. पण तीन सामने सगळ्यांनाच खेळायला मिळायचे; पहिले दोन हरलो तेव्हाच आम्ही बाद झालो होतो. बाबा पाळी संपवून थेट तिथंच आले होते, डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच. त्यांना बादबिद काही कळलं नाही. ते उभं राहून टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर मी एकटीनं रोबोट पुन्हा त्याच जागी ठेवला. नळी आता सरळ होती. चेंडू उजवीकडे गेला. एवढ्यात लाइट गेली, कूलर घरघरत थांबला. रोबोट बॅटरीवर होता, मी आणखी एक मारला. टोपलीत. पुन्हा मारला. टोपलीत. लाइट आली, कूलरनं वारा सोडला आणि चेंडू परत उजवीकडे. मी रोबोट बंद केला. मागच्या खोलीत बाबा ओल्या फरशीवर घोरत होते.

पुण्यासाठी मी रडले, भांडले, ताट सरकवलं. बाबा ढिम्म. कूलरबद्दलचं एक वाक्य सारखं ओठांवर यायचं. ते बोलले असते तर बाबांनी हातचं सगळं सोडून मला पुण्याला नेलं असतं, आणि स्वतःला जन्मभर माफ केलं नसतं. मी ते गिळलं. बी.एस्सी. केलं. आता नागपुरातच, बेसा भागात, एका ट्यूशन क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. वाईट चाललंय असं नाही. पण रोबोटचा सामना दिसला की मी टीव्ही बंद करते.

आता बाबा रिटायर होऊन आमच्याकडेच राहतात. पाहुणा आला की त्यांची तीच सामन्याची गोष्ट. "सगळे डावीकडंच काहून गेले असतील?" मी म्हणते, "मोटर खराब होती, बाबा."

या उन्हाळ्यात एका दुपारी मी क्लासवरून आले. बाबा एकटेच समोरच्या खोलीत, हातात माझ्या लेकीचा फोमचा चेंडू, समोर बादली. त्यांनी चेंडू टाकला. कूलरच्या वाऱ्यानं तो बाजूला गेला. त्यांनी कूलर बंद केला, पुन्हा टाकला. बादलीत पडला. मग वळले तर मी दारात.

"तुले माहीत होतं?"

मी पर्स खाली ठेवली. "हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून."

"मंग सांगितलं काहून नाही वं माय?"

"तुम्ही झोपले होते, बाबा."

ते खुर्चीत बसले. कपाळावरून घाम ओघळत होता. मी कूलरचं बटन लावायला गेले तर त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं.