रजाकभाईंच्या फळ्यावर फ्लेक्स

माणूस गेल्याची बातमी एक जानेवारीला अशुभ असते, असा शोध आमच्या कॉलनीच्या कमिटीने लावला आहे.

गेलेला माणूस म्हणजे रजाक पेंटर. गेटजवळच्या फळ्यावर दर एक जानेवारीला कॉलनीची वर्षभराची बातमी लिहिणारे आमचे रजाकभाई.

परवा दुपारी हार्ट ॲटॅकने गेले. काल दफन झालं.

आज सकाळी त्यांच्या फळ्यावर फ्लेक्स!

चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार. तिघेही गॉगल लावून. खाली नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा आणि सरत्या वर्षाच्या ठळक घडामोडी: नवीन सीसीटीव्ही, गेटला मोटर, चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांची कुठल्यातरी पदावर निवड.

रजाकभाईंचं नाव नाही. कोपऱ्यातसुद्धा नाही.

जे नवीन राहायला आलेत त्यांच्यासाठी सांगते. रजाकभाई दुकानांच्या पाट्या रंगवायचे. थेट गगनबावड्यापर्यंत त्यांच्या पाट्या होत्या. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. मग उरला आमचा फळा.

त्यावर गेलेली माणसं सगळ्यात वर, पांढऱ्या रंगात. मग लग्नं, बाळंतपणं, रिझल्ट, रंगीत.

आमच्याकडे धुणंभांडी करणारी सखूबाई गेली त्या वर्षी तेव्हाच्या चेअरमनचे वडीलही गेले. पहिली ओळ सखूबाईची. चेअरमन भडकले.

रजाकभाई म्हणाले, "साहेब, ती मार्चमध्ये गेली, तुमचे वडील जूनमध्ये. मी काय करू?"

एकदा मात्र मोठा घोटाळा केला. पाटील काकू गडहिंग्लजला लेकीकडे होत्या. तिथे लेकीच्या सासूबाई वारल्या. बातमी कॉलनीत पोचेपर्यंत काकूच वारल्या. रजाकभाईंनी लिहून टाकलं.

दोन दिवसांनी काकू एसटीतून उतरल्या, हातात पिशवी, आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"रजाक! मला पोचवलंस व्हय रं?"

"काकू, चुकलं. लोक म्हणत होते..."

"लोक म्हणाले म्हणून मारतोस? घरात येऊन इचारायला काय झालतं?"

तेव्हापासून डिसेंबर संपत आला की वही घेऊन घरोघर जायचे. चहा प्यायचे, विचारायचे, लिहून घ्यायचे. घरच्यांनी सांगितल्याशिवाय फळ्यावर एक अक्षर नाही.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाकी काही नाही. त्यांनी लिहिलं, 'मॅडमचा गुडघा नवीन.'

"अहो, ही काय बातमी झाली?"

"मॅडम, तुम्ही चालायला लागलाय, ही बातमी न्हाय व्हय?"

तर आज सकाळी मी चेअरमनसाहेबांना फोन केला.

"मॅडम, वर्षाचा पहिला दिवस हाय. आजच मयताची बातमी कशाला? ग्रुपवर टाकलीया की."

टाकली आहे. तिच्याखाली तीन पुष्पगुच्छ, एक नाचणारं अस्वल आणि 'हॅपी न्यू इयर इन ॲडव्हान्स'. एका सद्गृहस्थांनी मृत्यूच्या मेसेजला अंगठा दाखवला आहे. अंगठा!

"आणि फ्लेक्स छापून झालाय, मॅडम."

"छापायला कधी दिला?"

"काल सकाळी."

काल सकाळी. आम्ही कब्रस्तानाकडे निघालेल्या माणसांना वाट करून देत होतो तेव्हा.

मी कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टर्सच्या शाळेत शिकले. तिथे उलट बोलायची सोय नव्हती. तेव्हापासून साठलेलं सगळं आज चेअरमनसाहेबांना ऐकवलं.

मग रजाकभाईंच्या घरी गेले. शमीमभाभी आत बसल्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, फळ्यावर नाव लिहू का?"

त्या उठल्या आणि वही घेऊन आल्या.

"सगळ्यांची घरं झालीती, मॅडम. आमचंच ऱ्हायलं होतं."

शेवटच्या पानावर रजाकभाईंनी स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. खाली कोरं.

"लिवा," भाभी म्हणाल्या. "आणि नातू झालाय तेबी लिवा. खाली, रंगीत. नुसतं गेल्याचं लिवलेलं त्यांना आवडायचं न्हाय."

मी परत आले तर पाटील काकू विळा घेऊन फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होत्या. वय ब्याऐंशी.

"काकू, कमिटी काय म्हणेल?"

"माझं खोटं लिवलंतं ते दोन दिवस ऱ्हायलं. ह्याचं खरं हाय, तर एक दिवस न्हाय?"

मी खडूने लिहिलं. माझं मराठी अक्षर वाईट आहे आणि ओळी उजवीकडे घसरल्या आहेत. पण वहीतलं एकही घर गाळलेलं नाही. पहिली ओळ: 'आपले रजाकभाई पेंटर गेले.' आणि खाली, हिरव्या खडूत, 'रजाकभाई व शमीमभाभी यांना नातू.'

चेअरमनसाहेबांचा निरोप आला आहे. संध्याकाळी आमदार येणार, त्याआधी फ्लेक्स परत लागला पाहिजे.

म्हणून मी फळ्याखाली खुर्ची टाकून बसले आहे. हे इथूनच लिहिते आहे. शेजारी काकू मेथी निवडत आहेत. फ्लेक्स घडी करून त्यांच्या पाटाखाली आहे, बसायला उंची बरी होते म्हणतात.

ज्यांना तो लावायचा आहे त्यांनी जरूर यावं. आधी फळ्यावरची पहिली ओळ मोठ्याने वाचावी, मग आमच्याशी बोलावं.

आत्ताच सेक्रेटरी येऊन गेले. हातात सुतळी होती. फळ्यासमोर थांबले. वर बघितलं. मग चपला काढल्या.

थोड्या वेळाने चपला घालून, सुतळी खिशात कोंबून परत गेले.

रजाकभाई, निरोप घेते. कमिटीच्या वतीने नाही. फळा वाचणाऱ्या सगळ्या घरांच्या वतीने, मनापासून श्रद्धांजली.