बादली हातात असताना

अग्निशमन दलात त्याला सगळे थंडोबा म्हणत. आगीच्या नोकरीत असं नाव पडायला माणूस मुळातच तसा असावा लागतो. घंटा वाजली की बाकीचे आरडाओरडा करत पळत सुटायचे. हा टोपीचा पट्टा नीट आवळून, कुणाला न ढकलता यायचा आणि तरी गाडी निघताना आपल्या जागेवर बसलेला असायचा. बोलायचं म्हटलं की मात्र त्याच्या जिवावर यायचं. आता निवृत्ती जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि नेमकी याच वेळी शनिवारची ड्युटी त्याच्या गळ्यात पडली.

ड्युटी विचित्र होती. गावातल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला धर्मग्रंथ जाळायचा होता. दर शनिवारी, भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तो कोर्टात गेला आणि जिंकला. ग्रंथ स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचा, लोखंडी परातीत जाळायचा आणि शेजारी अग्निशमनचा एक माणूस हजर ठेवायचा, एवढ्या अटी कोर्टाने घातल्या. आयुष्यभर आगी विझवल्या, आता आग नीट लागतेय ना हे बघत उभं राहायचं! साहेबांनी थंडोबाला निवडलं, कारण तापट माणूस पाठवला असता तर चौकात वेगळंच काही पेटलं असतं.

चौकात पोलिसांचा दोर असे. दोराच्या एका बाजूला ‘बंद करा’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘बोलू द्या’ म्हणणारे. ओरडून ओरडून घसे बसले की दोन्हीकडचे लोक कोपऱ्यावरच्या एकाच दुकानातून खोकल्याच्या गोळ्या घेत. दुकानदार तेवढा खूश होता. मधे परातीपाशी भरलेली बादली धरून थंडोबा. त्याला दोन्ही बाजूंचा सारखाच वीट आला होता.

पण घरी वीट येऊन चालणार नव्हतं. घरात तो आणि आई, दोघंच. आणि आई रोज सकाळी वाचायची तो ग्रंथ हाच. खिडकीशी बसून, एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली. तिच्या डोळ्यांतला दाब वाढला होता. सकाळ-संध्याकाळ थेंब घातलेच पाहिजेत, चुकवलेत तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. तिचे हात थरथरायचे, म्हणून थेंब तोच घालायचा. आग लागो की पूर येवो, आईचे थेंब त्याने कधी चुकवले नव्हते.

पहिल्या शनिवारच्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली आणि त्यात तो दिसला.

“बादली तुझ्याच हातात होती ना?” आईने विचारलं.

“हो.”

“भरलेली?”

“भरलेलीच असते.”

“मग ओतली का नाहीस?”

“आई, कोर्टानं परवानगी दिलीय त्याला. पुस्तक त्याचं, पैसे त्याचे.”

“लोकांचा उकिरडा पेटला तरी जेवण टाकून पळतोस. आणि हे उभं राहून बघितलंस?” तिने त्याच्या हातातली औषधाची बाटली काढून घेतली. “माझे थेंब माझी मी घालीन.”

ती घालायची, आणि थेंब गालावरून ओघळून पदरावर जायचे. तो दारात उभा राहून बघायचा. पुढे व्हायची सोय नव्हती. महिना झाला नाही तोच तिने खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढून घेतली. तिला उजेड पुरेनासा झाला होता.

तो साहेबांकडे गेला. “साहेब, मला यातून सोडवा.”

“आणि कुणाला पाठवू? देव मानणारा पाठवला तर हे ओरडणार, न मानणारा पाठवला तर ते. तुझं काय आहे ते आजवर कुणाला कळलेलं नाही, तेच बरं आहे.”

पुढच्या शनिवारी घड्याळवाल्याने आपण होऊन त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. जवळून बघितलं तर बारीक अंगाचा, खांदे पडलेला माणूस. “तुम्हाला माझा राग येत असेल,” तो म्हणाला. “मी यांचा धर्म सोडला होता, म्हणून माझी बायको वारली तेव्हा यांनी मला तिला खांदा देऊ दिला नाही. लांब, स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतो मी.” थंडोबाने बादली या हातातून त्या हातात घेतली. त्या माणसाला गप्प बसवणं आपल्याला जमणार नाही, हे त्याला पटलं. आणि याचा घरी काडीचा उपयोग नाही, हेही.

जाळून झालं, लोक पांगले. पण जाड पुस्तक लवकर जळत नाही. कडा करपतात आणि आत पानांच्या गठ्ठ्यात निखारा लपून राहतो. वरून पाणी मारलं तरी आत पोचेलच असं नाही. म्हणून थंडोबाने हातमोजा काढला, गुडघे टेकले, पानं अलगद सुटी केली आणि उघड्या हाताची मागची बाजू त्यांच्यावर टेकवली. अग्निशमनवाले ऊब अशीच बघतात. तळहात भाजला तर काम अडतं, म्हणून मागची बाजू. एका ठिकाणी चटका बसला, तिथं त्याने पाणी ओतलं.

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

रात्रीपर्यंत फोटो घरोघरी पोचला. सरकारी माणूस ग्रंथापुढे गुडघे टेकतो म्हणून एका बाजूने तक्रार झाली. दुसऱ्या बाजूचे निम्मे त्याला पुण्यवान ठरवून मोकळे झाले, उरलेल्या निम्म्यांना पवित्र पानांना उलटा हात लावल्याचा राग आला. साहेब फोनवर ओरडले, “नमस्कार करत होतास की काय करत होतास?”

“निखारा बघत होतो.”

“हे कोण खरं मानणार?” साहेबांचा मुद्दा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा आई खिडकीशी बसली होती. शेजारणीने तिला फोटो दाखवला होता. तिने स्वतःच बाटली त्याच्यापुढे धरली आणि चेहरा वर केला. त्याने जपून तिची पापणी ओढली आणि उजव्या डोळ्यात थेंब सोडला. तो नेमका पडला.

“बरं केलंस,” आई म्हणाली. “भर चौकात ग्रंथापुढे नमलास. तुझ्या बापालासुद्धा एवढी हिंमत झाली नसती.”

फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळं गाव त्याच्याबद्दल हवं ते बोलत होतं, त्यात आईचं एक बोलणं सहज खपलं असतं. आणि डावा डोळा अजून राहिला होता.

पण आयुष्यात तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आता नव्याने शिकायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

“आई, मी नमलो नव्हतो. निखारा राहिलाय का ते बघत होतो.”

तिने त्याचा हात ओढून घेतला आणि मागच्या बाजूला आलेल्या फोडाभोवती बोट फिरवलं, वाचताना ओळीखाली फिरवायची तसं.

“पुढच्या शनिवारी?”

“ड्युटी लागली तर जाईन.”

तिने हात सोडला. डावा डोळा घट्ट मिटून घेतला आणि भिंग उचललं.

“राहू दे,” ती म्हणाली. “एका डोळ्यानंही वाचता येतं मला.”