साकवाची फरशी

पाट कोरडा पडला तेव्हा गावानं त्याच्यावरच्या लहान साकवांच्या फरश्या एकेक करून घरी नेल्या. कुणी नेल्या म्हणून विचारलं तर सगळ्यांचीच हाताची घडी, तोंडावर बोट. आणि प्रत्येकाच्या परड्यात धुण्याचा दगड मात्र तोच. आमच्याही.

नव्वदचं दशक सरता सरता तालमीतल्या पोरांनी पाट उकरायचं मनावर घेतलं. रविवारी मीही खोरं घेऊन जायचो. बाभळी तोडल्या, गाळ काढला, मग फरश्या गोळा करायला निघालो. आपली चोरी उघडी पडण्याच्या दुःखापेक्षा शेजाऱ्याची पडल्याचा आनंद मोठा, त्यामुळं फरश्या भराभर आल्या. राहिली एकच, आमची.

"देत न्हाय मी," आई म्हणाली. "दुसरी बघा की."

तेवढ्या लांबीची दुसरी होती कुठं? ती काकीच्या वस्तीकडं जाणाऱ्या साकवाची मधली फरशी. वाटणीत भांडण होऊन काका पाटापलीकडं राहायला गेले आणि दोन्ही जावांचं बोलणं तुटलं. काका वारले तेव्हा आई आमच्या दारात बसून रडली, पण पलीकडं गेली नाही. आता काकी तिथं एकटीच. गुडघे धरत कोरड्या पाटातून उतरून-चढून गावात यायची. पाणी सुटलं की तीही वाट बंद. मला आईचा भयंकर राग आला.

"मग काकीनं काय पोहत यायचं व्हय?" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी आईनं फरशीवरची बादली उचलून बाजूला ठेवली. "न्या," एवढंच म्हणाली.

पावसाळ्यात तलाव भरला, पाटाला पाणी आलं. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. आईनं वाकळांचा भारा माझ्या सायकलवर टाकला. "घरात दगड न्हाय आता. चल पाटावर." आणि नेमकी त्याच साकवावर, त्याच फरशीवर जाऊन बसली.

वाकळ एकटीला धुता येते, पिळता येत नाही. समोरून कुणीतरी धरावंच लागतं. मी पुढं झालो, तर तिनं मला हाकललं आणि एक टोक धरून पलीकडं बघत उभी राहिली.

काकी दारातच होती. आली, दुसरं टोक धरलं.

"जरा जोर लाव की, अक्का."

"हातात जोर न्हाय ऱ्हायला गं," आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

काकीनं वाकळ सोडली नाही.